पत्र्याचे चौऱ्यांशी फेरे

वर्धा जिल्ह्यात जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं की सल्लागारांची वाण पडत नाही. गुरुजी पंचांग उघडून मुहूर्त काढतात आणि तो नेमका नवतप्यात निघतो. पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून अंगणभर फिरतो आणि नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर मारायला सांगतो. वास्तुशास्त्रवाले संडासाची दिशा ठरवून देतात, आणि ठेकेदार ती बदलतो, कारण पाइप दुसरीकडून जवळ पडतो. थोरले जावई कोणी विचारलेलं नसताना जिन्याबद्दल मत देऊन जातात. या सगळ्यांचे चहापाणी आणि मानपान आटोपले की एका सकाळी दोन पोरं शिडी लावून वर चढतात आणि तीस-चाळीस वर्षांचे सिमेंटचे पत्रे हातोडीनं सैल करून अंगणात टाकायला लागतात. पायाखालच्या पाण्याची चौकशी झाली, आकाशातल्या ग्रहांची झाली. मधल्या मध्ये डोक्यावर जो पत्रा होता, त्यात काय आहे हे कोणालाच विचारावंसं वाटत नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. माझं म्हणणं असं की आपल्या भागात ॲस्बेस्टॉसचा धोका त्या छपराखाली राहण्यात तेवढा नाही, जेवढा ते छप्पर सुधारण्यात आहे. आणि सुधारण्यात जेवढा आहे, त्याहून जास्त आपल्या काटकसरीत आहे.

आता, पत्र्यावर रागावण्याआधी तो घरावर का चढला हे समजून घेतलं पाहिजे. जिल्ह्यातल्या छपरांचा इतिहास हा बऱ्याच अंशी वानरांचा इतिहास आहे. मूळ छप्पर कवेलूंचं. दरवर्षी मिरगाच्या आधी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, सरकलेले सारखे करायचे. हे काम संपवून माणूस खाली उतरून हात धुतो न धुतो तोच हुप्प्या आपलं कुटुंब घेऊन आड्यावर येतो आणि दोन उड्यांत सगळी मेहनत चिंचेच्या झाडाखाली आणून टाकतो. वानराला मारता येत नाही, कारण तो मारुती. आणि समजावता येत नाही, कारण तो वानर. मग टिनं आली. टिनाखाली मे महिन्यात बसणं म्हणजे तपश्चर्या, आणि पावसाळ्यात बोलणं म्हणजे भाषण, कारण साध्या आवाजात काही ऐकूच येत नाही. सिमेंटच्या पत्र्यानं या दोन्ही तक्रारी कमी केल्या. तो टिनापेक्षा कमी तापतो, पावसात गप्प बसतो, गंजत नाही, दरवर्षी फेरावा लागत नाही, आणि वानराच्या उडीनं त्याला तडा गेला तरी गळती एकाच ठिकाणी होते. खाली गंज ठेवला की भागतं. हातात बेताचा पैसा असलेल्या माणसानं हा पत्रा निवडला यात मूर्खपणा नव्हता. खिसा आणि वानर या दोघांनाही परवडणारा तो एकमेव तोडगा होता.

एकमेव म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण याच जिल्ह्यात दुसरे तोडगे डोळ्यांसमोर होते. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले तेव्हा त्यांच्या झोपडीसाठी अट अशी होती की खर्च पाचशे रुपयांच्या आत हवा आणि साहित्य नि मजूर आसपासचे हवेत. माती, बांबू, कवेलू एवढ्यावर ते काम झालं आणि सेवाग्रामच्या त्या कुट्या आजही उभ्या आहेत. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. तिथे कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूसारख्या पोकळ नळ्या एकमेकींत बसवून कमानदार छत उभं करण्याची पद्धत विकसित झाली. थंड, गावातल्या मातीचं, गावातल्या कुंभाराच्या हातचं. देशभरातले लोक हे सगळं पाहायला येतात, फोटो काढतात, आणि वर्धेकर त्यांना रिक्षात बसवून, स्टेशनावर सोडून आपल्या पत्र्याखाली परत जातात. पाहुण्यांना दाखवायची वस्तू आणि स्वतः वापरायची वस्तू यांत फरक ठेवणं ही आपल्याकडे सभ्यतेची खूण आहे.

पत्र्यात भर असतो तो सिमेंटचा आणि राखेचा. ॲस्बेस्टॉस साधारण आठ-दहा टक्के. हा जमिनीतून निघणारा खनिज तंतू. जळत नाही, कुजत नाही, ताण सहन करतो, आणि सिमेंटच्या पातळ थराला धरून ठेवतो. दोष एवढाच की तो केसापेक्षाही कितीतरी बारीक तुकड्यांत सुटतो, श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि पाहुणा म्हणून आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा तिथून निघायचं नाव घेत नाही. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या कारखान्यात तंतू कातणारी नेली केरशॉ १९२४ साली गेली, आणि तिच्या फुप्फुसांवरून या तंतूनं होणारा फुप्फुसाचा आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी छातीच्या अस्तराच्या दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले काही खाणीत कधीच उतरले नव्हते, नुसते खाणींच्या परिसरात लहानाचे मोठे झाले होते. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांना अशाच रुग्णांत नऊ जण असे सापडले की ज्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध घरातल्या कामगारापुरताच होता. बहुतेक बायका. त्यांनी केलं होतं काय, तर नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते. नवरा बाहेरून काय काय घरी आणतो याबद्दल बायकांच्या तक्रारी जगभर सारख्या असतात, पण ही तक्रार नोंदवायला त्यांना सवडच मिळाली नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की कामावर झालेल्या संपर्कामुळे वर्षाला दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, आणि ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरा धरून, कर्करोगकारक आहेत.

मात्र हे सांगून लगेच एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत लोक रात्री उठून छताकडे बघत बसतील. खाण आणि कापडाचा कारखाना वेगळा, घरावरचा पत्रा वेगळा. पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो. अख्खा, न मोडलेला पत्रा आपल्या जागी पडून असेल तर तो कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. उन्हापावसानं वरचा थर झिजतो आणि थोडे तंतू सुटतात, ते खरं. पण पत्रा खरा उधळतो तो त्याला करवत, ग्राइंडर, ड्रिल किंवा हातोडा लागला की. म्हणजे वर्षानुवर्षं आपण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तेव्हा तो शहाण्यासारखा वागला, आणि ज्या दिवशी घराचं भलं करायला निघालो त्या दिवशी बिघडला. नूतनीकरणाच्या उत्साहाची इतकी अचूक परीक्षा घेणारी दुसरी वस्तू घरात सापडणं कठीण.

पण उतरवलेला पत्रा मरत नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. दहा फुटी, चाळीसेक किलोचा, अजून वीस वर्षं सहज चालेल असा पत्रा टाकून कोण देईल? त्याचा पहिला पुनर्जन्म गोठ्यावर होतो. गोठा पडला की तो शेतातल्या खोपटावर जातो. तिथे वाऱ्यानं कोपरा तुटला की उरलेला अर्धा संडासाचा आडोसा होतो. त्यातून जे वाचतं ते कोंबड्यांच्या खुराड्यावर, नालीवर, सरपणावर पावसाळ्यात झाकण म्हणून, आणि सगळ्यात शेवटी, हाताएवढ्या तुकड्यांच्या रूपात, सखल प्लॉटच्या भरणात. तिथे ट्रॅक्टरची चाकं त्याचा भुगा करतात आणि मग जीवात्मा मोकळा होतो, म्हणजे तंतू. प्रत्येक जन्मात पत्रा एकदा काढला जातो, एकदा मापानं कापला जातो आणि नवी भोकं पाडून एकदा ठोकला जातो. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कीर्तनाला जायची गरज नाही. आणि गंमत अशी की त्याच घराच्या मागच्या पडवीवर जे शंभर वर्षांचे कवेलू असतात, ज्यांचा भुगा झाला तर मातीत माती मिसळेल, ते मात्र 'आता कोण वापरतं' म्हणून पहिल्या दिवशीच रस्त्याच्या खड्ड्यात जातात. ज्या जिल्ह्यानं पेन्सिलीचा तुकडाही वाया न घालवणाऱ्या माणसाला घर दिलं, त्या जिल्ह्यानं काटकसर शिकली हे उत्तमच झालं. फक्त ती नेमकी उलट्या वस्तूवर खर्ची पडली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमचे आजोबा चाळीस वर्षं या पत्र्याखाली राहिले आणि नव्वदीत गेले. नव्वदीत गेलेले आजोबा हा विदर्भातला सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय पुरावा आहे. खर्रा, बिडी, उघड्या विहिरीचं पाणी आणि हेल्मेटशिवाय मोटारसायकल, या सगळ्यांच्या बाजूनं ते साक्ष देऊन चुकले आहेत. अडचण अशी की आजोबा पत्र्याखाली राहिले, पत्रा कापला नाही. तो कापला मिस्त्रीनं, आणि त्याच्या आजोबांना कोणी साक्षीला बोलावत नाही. शिवाय हा आजार उधारीवर चालतो. तंतू आज गेला तर हिशेब बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी मागितला जातो, कधी त्याहूनही उशिरा. तोवर मिस्त्रीनं काम सोडलेलं असतं, पत्र्याचा चौथा जन्म चालू असतो, आणि दवाखान्यात विचारलं जातं ते 'बिडी ओढता का' एवढंच. तो ओढत असतोच. मग सगळा दोष बिडीच्या खात्यावर पडतो, जरी बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ पुढे जातो हे अर्ध्या शतकापूर्वीच कळलेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढं वाईट असेल तर सरकारनं बंदी का नाही घातली? साठाहून अधिक देशांनी घातली आहे; इंग्लंडनं १९९९मध्ये, ऑस्ट्रेलियानं २००३च्या अखेरीस, कॅनडानं २०१८मध्ये. आपल्याकडे १९८६नंतर खाणींना नवे पट्टे देणं थांबलं आणि १९९३मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही, म्हणजे खणायला बंदी. पण आणायला, पत्रे करायला, विकायला मोकळीक. जगातला सर्वांत मोठा खरेदीदार आपणच. आपल्याला माल विकणाऱ्यांत ब्राझील आहे, आणि त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. तरी निर्यातीपुरती खाण पुढेही चालत राहिली. ब्राझीलनं स्वतः वापरायचं नाही पण खणायचं, आपण स्वतः खणायचं नाही पण वापरायचं. दोन राष्ट्रांमध्ये इतकं सामंजस्य क्वचितच दिसतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ला कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितल्या, आणि २०११मध्ये सरसकट बंदीची मागणी फेटाळली. त्या नोंदी कारखान्यातल्या कामगारांच्या. घराघरांवरून पत्रे उतरवणारा पोरगा कुठल्याच कारखान्याचा नसतो. त्याची नोंद मिस्त्रीच्या खिशातल्या वहीत असते आणि ती वही शर्टाबरोबर धुतली जाते. आणि उद्या बंदी आलीच, तर ती नव्या पत्र्यावर येईल. घरांवर आधीच बसलेले पत्रे अध्यादेश ऐकून खाली उतरणार नाहीत. बंदी आली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यानं वर्धा जिल्ह्यात तरी बोलू नये. इथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि सकाळी रस्त्याच्या कडेला किती बाटल्या पडलेल्या असतात हे झाडणाऱ्याला विचारावं.

मग करायचं काय? इंग्लंडात कायद्यानं घर पाडण्याआधी किंवा मोठ्या दुरुस्तीआधी पाहणी करावी लागते. शिकलेला माणूस येतो, अंगठ्याएवढा नमुना ओला करून काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो, प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखला जातो आणि अहवाल येतो. पांढरा सूट, तोंडाला मुखवटा असा माणूस देवळी-पुलगावात शिडीवर चढताना दिसला, तर गल्लीत पुन्हा कोरोना आला असं समजून दारं लागतील. पण मला वाटतं, या पाहणीचा आपण धसका घेऊ नये, कारण तिथल्या चाचणीची गरज इथे निम्म्यानं कमी आहे. तिकडे ॲस्बेस्टॉस भिंतीत, फरशीखाली, पाइपाभोवती, छताच्या लेपात दडलेलं असतं, म्हणून शोधावं लागतं. आपल्याकडे ते डोक्यावर राखाडी नागमोडी अंग पसरून उघडं पडलेलं आहे. फार तर पावसाच्या पाण्याचा जुना सिमेंटचा पाइप तेवढा विसरायचा नाही. आणि तिथल्याच नियमाचं एक शहाणपण फुकट घेता येतं: खात्री नसेल तर ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चाला. जुना सिमेंटचा पत्रा दिसला की चाचणी झाली. पाणाड्याच्या नारळापेक्षा ही पद्धत नक्कीच अचूक आहे, आणि दक्षिणाही नाही.

उतरवण्याचं शास्त्रही भयंकर नाही. साध्या सिमेंटच्या पत्र्याला इंग्लंडातसुद्धा बहुधा परवानाधारक कंपनी लागत नाही. माणूस शिकवलेला हवा आणि रीत पाळली गेली पाहिजे. पत्रा आधी पाण्यानं भिजवायचा. बोल्ट गंजलेले असतील तर पत्रा फोडून नव्हे, बोल्टाचं डोकं कापून सोडवायचे. अख्खा पत्रा दोघातिघांनी हातोहात खाली घ्यायचा, टाकायचा नाही. वर चालायचं ते फळ्या टाकून, कारण जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो. चाळीस वर्षांनंतरच्या आजाराची गोष्ट दूर, माणूस त्याच मिनिटाला खाली येतो, आणि ही भीती कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. खाली पडलेला चुरा कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून जाड प्लास्टिकात बांधायचा. कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, तंतू त्याच्या विणीतून सहज जातो. बारीक धूळ अडवणारा मुखवटाच हवा. इथे मात्र एक स्थानिक अडचण आहे जी कुठल्याही परदेशी नियमावलीत आढळणार नाही: मुखवटा लावला की खर्रा खाता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी तो हनुवटीवर येणार हे गृहीत धरूनच बोलावं. दुसरी अडचण पाण्याची. ज्या नवतप्यात टँकरच्या मागे घागरी धावतात, त्यात पत्र्याला आंघोळ घाला म्हणणाऱ्याला लोक काय म्हणतील ते छापण्याजोगं नाही. म्हणून माझं गुरुजींना सांगणं आहे की घर उतरवण्याचे मुहूर्त दिवाळीनंतर काढावेत. विहिरींना पाणी असतं, हवेत ओल असते, आणि ग्रहांना तसा फारसा फरक पडत नसावा.

राहिला पैसा. ग्रामीण आवास योजनेत २०१६पासून सपाट भागातल्या घरकुलाला एक लाख वीस हजार ठरले, टप्प्याटप्प्यानं मिळणारे. प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो, त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. पायाचा फोटो आहे, भिंतींचा आहे, छताचा आहे; जुनं छप्पर कुठे गेलं याचा फोटो कोणी मागत नाही. मजुरीतला नेहमीचा सौदा असतो, 'जुनं मटेरियल मिस्त्रीचं'. आणि इथे मला माझ्याच युक्तिवादाची एक बाजू मोडताना दिसते. पत्रा आज थोडाफार सांभाळून उतरतो, तो केवळ त्याला किंमत येते म्हणून. अख्ख्याला गिऱ्हाईक असतं, तुकड्याला नसतं. त्याची किंमत शून्य आहे, तो पुन्हा वापरू नका, असं घरोघरी पटवून दिलं, तर तो दुसऱ्याच दिवशी वरून धाडकन खाली येईल. तेव्हा काटकसरीला नुसतं नावं ठेवून चालणार नाही, तिला दुसरीकडे वळवावं लागेल: अख्ख्या उतरलेल्या प्रत्येक पत्र्यामागे मिस्त्रीला घरमालकानं किंवा ग्रामपंचायतीनं रोख पैसे द्यायचे, जेवढे गोठेवाला देतो त्याहून थोडे जास्त, आणि पत्रा आपल्या ताब्यात घ्यायचा. मिस्त्री हिशेबाला पक्का असतो. त्याला हे पाच मिनिटांत पटेल, तो पत्र्याला तडाही जाऊ देणार नाही, आणि पैसे मोजून खिशात टाकल्यावर तो साहजिकच विचारेल की मालक, हे आता न्यायचे कुठे? पन्नासेक किलोमीटरवर बुटीबोरीला घातक कचऱ्याची सोय आहे, पण ती कारखान्यांसाठी, ट्रकच्या हिशेबानं. एका घराचे अकरा पत्रे घेऊन तिथल्या फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसासाठी कुठला फॉर्म आहे, हे आधी जिल्हा परिषदेनं सांगावं.